बीपीची गोळी देण्याआधी आणि दिल्यानंतर: घरच्या ड्यूटीवर निघालेल्या नव्या सिस्टरसाठी

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या बाजूंना कितीतरी मराठी घरांत हेच दिसतं: सत्तरी ओलांडलेले दोघंच, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि देखभालीला सिस्टर. घरात गोळ्यांचा डबा असतो आणि त्यात बीपीची गोळी हमखास असते. नव्याने ड्यूटीवर गेलेल्या मुला-मुलींना घरचे सांगतात, "सकाळची गोळी तेवढी आठवणीने द्या." एवढंच काम असतं तर त्यांनी सिस्टर ठेवलीच नसती. गोळी देण्याआधी काय बघायचं, दिल्यानंतर शरीरात काय होतंय ते कसं ओळखायचं आणि काय दिसलं की डॉक्टरांना फोन लावायचा, हे आपलं काम आहे. गोळी कुठली आणि किती, ते डॉक्टर ठरवतात, त्यात हात घालायचा नाही. पण डॉक्टर पेशंटला महिन्यातून एकदा थोडा वेळ बघतात आणि आपण दिवसभर. त्यामुळे जे आपल्या नजरेतून सुटतं ते बहुतेक वेळा सगळ्यांच्याच नजरेतून सुटतं.

पहिला दिवस: सगळ्या गोळ्या एका ताटात

घरातली सगळी औषधं गोळा करा. डबा, उशाखालचं पाकीट, काकूंची पर्स, फ्रिजचा दरवाजा, काही सोडू नका. ती ताटात मांडा आणि डॉक्टरांचा चालू कागद शेजारी ठेवा. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव बघून फसू नका. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचा. नेहमीचा घोळ असा असतो: हृदयाच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन 40 लिहिलेली असते, पुढे शुगरच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी दिलेली असते, आणि आजोबा अगदी इमानदारीने दोन्ही घेत असतात. नावापुढची अक्षरं इथे कामाला येतात. "एएम" असेल तर सोबत बहुधा अम्लोडिपिन आहे, "एच" असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, "सीटी" असेल तर क्लोरथॅलिडोन, "एटी" असेल तर अॅटेनोलॉल. अंदाजावर थांबू नका, बारीक अक्षरं वाचून खात्री करा. एकच औषध दोनदा जातंय असं वाटलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

टेल्मिसार्टनची गोळी आठवड्याच्या खणांच्या डब्यात आधीच काढून ठेवायची नाही. ती हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात तर पाकिटातून काढून ठेवलेली गोळी मऊ पडते, कधी तिला चिरा जातात. पाकीट खणाच्या आकाराचं कापा आणि गोळी वेष्टणासकट ठेवा, नाहीतर देण्याच्या क्षणीच काढा. घरच्यांनी हौसेने आणलेला डबा वापरू नका म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, तेव्हा ओलीचं कारण नीट समजावून सांगा.

त्याच दिवशी डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या, तोंडी नको: कुठली गोळी कुठल्या वेळी, बीपी किंवा नाडी किती खाली असेल तर गोळी थांबवून फोन करायचा, गोळी चुकली तर काय करायचं, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर कुठली गोळी तात्पुरती थांबवायची. वरचा आकडा 100 च्या खाली किंवा नाडी 60 च्या खाली असेल तर आधी विचारा, असं पुष्कळ डॉक्टर लिहून देतात, पण प्रत्येक पेशंटचा आकडा वेगळा असू शकतो. तुमच्या पेशंटचा आकडा तुमच्या हातात लेखी असला पाहिजे.

मोजणं नीट असेल तरच आकडा खरा

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. मशीन लावलं, बटण दाबलं, वहीत लिहिलं, झालं. अशा आकड्यावर डॉक्टरांनी डोस वाढवला आणि पेशंट मोरीत कोसळला, तर दोष गोळीचा नसतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू नाही, जिना चढणं-उतरणं नाही. लघवीला जाऊन आलेले हवेत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा आढी घातलेली नाही. पाच मिनिटं शांत बसू द्या. घरच्या पेशंटला गप्प बसवणं ही यातली खरी कसोटी. इंदुरातली माणसं गप्पिष्ट, सिस्टर आली की नातवाच्या परीक्षेपासून गल्लीतल्या खोदकामापर्यंत सगळं सांगायचं असतं. ऐका, पण मोजून झाल्यावर. बोलताना आकडा वर जातो.

पट्टा उघड्या दंडावर बांधा. जानेवारीच्या थंडीत स्वेटरवरून बांधायचा मोह होतो, तो टाळा. बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर बाही काढायलाच सांगा. दंड हृदयाच्या उंचीवर, खाली उशी किंवा टेबलाचा आधार. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी उगाच जास्त दिसतो, आणि मशीनबरोबर आलेला पट्टा पुष्कळदा मध्यम मापाचाच असतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, घरच्यांना तो आणायला सांगा. मनगटाचं मशीन शक्यतो नको.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा बीपी घ्या. ज्या हाताचा जास्त येईल तो पुढे कायम वापरा आणि वहीच्या पहिल्या पानावर "उजवा" किंवा "डावा" असं लिहून ठेवा. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळचं मोजमाप गोळीच्या आधी. डॉक्टरांना भेटायच्या आधीच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस लिहिलेलं पान त्यांना फार उपयोगाचं असतं.

मशीनवर नाडीचा आकडा येतो, तरी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट स्वतः मोजा. नाडी अडखळत, कधी भरभर कधी सावकाश चालत असेल तर स्वयंचलित मशीनचा बीपीसुद्धा भरवशाचा राहत नाही. असं पहिल्यांदाच आढळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

उभं करून मोजणं: हे कुणी सांगत नाही म्हणून मी जोर देऊन सांगते

बीपीच्या पेशंटला घरात सगळ्यात मोठा धोका पडण्याचा. रात्री बाथरूमला उठले, डोळ्यापुढे अंधारी आली, कमरेचं हाड मोडलं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. गोळी नवीन सुरू झाली, डोस वाढला किंवा पेशंट "गरगरतं" म्हणाला, की उठून उभं राहिल्यावर बीपी किती उतरतो ते बघायचंच.

पलंगावर पाच मिनिटं आडवं राहू द्या आणि मोजा. समजा 142/78 आला. मग आजींना सावकाश उठवून बसवा आणि उभं करा. एक हात त्यांच्या कोपराखाली, मागे खुर्ची तयार. एका मिनिटाने परत मोजा.

"आजी, डोळ्यापुढे अंधारी येतेय का?"

"अंधारी नाही गं. जरा तरंगल्यासारखं होतंय."

मशीन दाखवतं 116/70. तीन मिनिटांनी परत मोजलं तर 118/70. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा 10 किंवा त्याहून जास्त उतरला, तर ही नोंद डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी गेली पाहिजे. आजींचा उतार 26 चा आहे. रोज बसून मोजलेला बीपी छान दिसत होता, म्हणून कुणाला शंकाही आली नसती. मधेच चक्कर वाढली तर तीन मिनिटांचा हट्ट धरू नका, लगेच खुर्चीत बसवा.

डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत काय करायचं? उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवायचं, पायांचे पंजे वर-खाली हलवायला सांगायचं, मग उभं करायचं. रात्री बाथरूमपर्यंत दिवा, ओल्या फरशीवर पायपुसणं घसरणारं नको, पलंगाशेजारी हाताला येईल अशी घंटी. अंघोळीचं पाणी कढत नको, कारण कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी आणखी उतरतो. काही वृद्धांना पोटभर जेवणानंतरही चक्कर येते. त्यांना जेवल्याबरोबर उठवू नका. प्रोस्टेटसाठी किंवा बीपीसाठी प्राझोसिनसारखी गोळी चालू केली असेल तर पहिल्या डोसनंतर बीपी एकदम उतरू शकतो. ती झोपताना देतात आणि त्या रात्री पेशंटने एकट्याने उठायचं नाही.

कुठली गोळी, कशावर नजर

अम्लोडिपिन: संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज येते का ते बघा. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा, खड्डा राहतो का पाहा. ही सूज या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे, म्हणून मनाने लघवीची गोळी वाढवायची नाही, तिने ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. सूज एकाच पायाला असेल आणि पाय दुखत असेल, किंवा आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तर प्रकरण वेगळं. वाट बघायची नाही. हिरड्या सुजतात का, तेही तोंड धुताना बघत चला.

रामिप्रिल, एनालाप्रिल: कोरडा ठसक्याचा खोकला. बाटल्यांवर बाटल्या खोकल्याचं औषध संपतं आणि कारण डब्यातच असतं. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी अजिबात नाही आणि ताबडतोब हॉस्पिटल. या गोळ्या आणि टेल्मिसार्टन-लोसार्टन या दोन्ही गटांत रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची तपासणी सांगितलेली असते. ती झाली का, हे विचारणारं घरात बहुधा कुणी नसतं. तुम्ही विचारा. घरातल्या सुनेला किंवा मुलीला यातली गोळी चालू असेल आणि दिवस गेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल, तर तिने लगेच डॉक्टरांना सांगायचं. गरोदरपणात या दोन्ही गटांतल्या गोळ्या चालत नाहीत.

मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल: आधी नाडी, मग गोळी. एकदम बंद कधीच करायची नाही, छातीत दुखणं आणि बीपी उसळणं दोन्ही होऊ शकतं. मधुमेह असेल तर आणखी सावध राहा, कारण शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. कपाळावर घाम दिसला की आधी शुगर तपासा. दमा असेल आणि यातली गोळी नव्याने लिहून आली असेल तर देण्याआधी डॉक्टरांना दम्याची आठवण करून द्या. नावात "एक्सएल" किंवा "रिटार्ड" असेल तर गोळी कुटायची नाही. नाकातून नळी असलेल्या पेशंटला सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून द्यायची घराघरांत सवय आहे, आणि दिवसभर हळूहळू उतरायचं औषध त्यामुळे एकदम अंगात जातं. पर्यायी औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लघवीच्या गोळ्या: सकाळी. दुसरा डोस असेल तर दुपारी, चारच्या आत, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या वाचतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन यांनी सोडियम उतरतं. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज माणसं ओळखेनात, सुस्त पडले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आजच कळवा, सोडियमची तपासणी लागेल. पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकू लागला तर युरिक अॅसिडचा संशय घ्या.

क्लोनिडिन: ही गोळी संपत आलीय हे आठवडाभर आधी घरच्यांना सांगा. अचानक बंद झाली तर बीपी भयंकर उसळतो.

"आता बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. वाद घालू नका. वही उघडून गोळी सुरू होण्याआधीचे आकडे आणि आताचे आकडे शेजारी दाखवा. आजचा आकडा गोळीमुळे आला आहे, हे त्यांचं त्यांनाच दिसतं. खर्चामुळे गोळी तोडली जात असेल तर तेही हळुवारपणे काढून घ्या. 2017 मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत मध्य प्रदेश होतं. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, याची चौकशी करायला लावा.

चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर द्यायची. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीही नाही.

पोहे, शेव आणि उपवास

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सगळं आलं: भाजीतलं, पोळीच्या कणकेतलं, लोणच्यातलं, पापडातलं. आता इंदूरचा नाश्ता बघा. पोह्यांत मीठ, वरून शेव, त्यावर जीरावन मसाला, आणि जीरावनमध्येही मीठ असतंच. पोहे बंद करा म्हटलं तर आजोबा तुमचं दुसरं काहीच ऐकणार नाहीत. पोहे राहू द्या. शेव आणि जीरावन काढा, लिंबू, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे वाढवा. संध्याकाळचं नमकीन रोजचं असेल तर आठवड्यातून एक दिवसावर आणा. ताकात मीठाऐवजी भाजलेलं जिरं घाला. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी आत ठेवा.

सैंधव म्हणजे बिनधोक मीठ नव्हे. त्यातही सोडियमच असतं. "लो सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

हरतालिकेचा निर्जळ उपवास आणि लघवीची गोळी यांचं जमत नाही. चार दिवस आधी विषय काढा, उपवासाच्या आदल्या रात्री नव्हे. "काकू, देवाला तुम्ही धडधाकट हव्यात" एवढं म्हटलं की पुष्कळ जणी पाणी आणि फळांवर यायला तयार होतात. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलाब-उलट्या झाल्यावरही तोच धोका: अंगातलं पाणी कमी आणि वर बीपी उतरवणारी गोळी. लघवी कमी आणि गडद होणं, जीभ कोरडी पडणं, उभं राहताना तोल जाणं यांतलं काही दिसलं की गोळी देण्याआधी फोन.

मेडिकलवरून आलेली दुसरी औषधं

गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घरात असतंच. त्याने बीपी वाढतो, आणि टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला ते आलं की किडनीला मार बसतो. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, तेही बीपी चढवतं. पाण्यात फसफसणाऱ्या अॅसिडिटीच्या पुड्यांत सोडियम भरपूर. ज्येष्ठमध घशाला चांगला म्हणून रोज चघळणारे पुष्कळ आहेत. तो रोज आणि जास्त घेतला तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. काढ्यात काय काय पडतं ते स्वयंपाकघरात उभं राहून बघा. कुणाच्या श्रद्धेला धक्का न लावता, पण स्पष्ट विचारा.

कधी फोन, कधी 108

आकडा 180/120 किंवा वर आला की आधी पेशंटकडे बघा, मशीनकडे नंतर. त्रास काहीच नसेल तर शांत बसवा, पट्टा नीट बांधला आहे ना बघा, पाच मिनिटांनी परत मोजा. तरीही तेवढाच असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि ते सांगतील ते करा. आजची गोळी घ्यायची राहिली होती का, हे त्यांना आधी सांगा. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची जुनी पद्धत अजून काही घरांत सांगतात. ती करू नका. बीपी धाडकन उतरून झटका येऊ शकतो.

छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दिसेनासं होणं, असह्य डोकेदुखी, फिट किंवा भान हरपणं यांतलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, 108. बोलणं अडखळत असेल तर तोंडाने पाणी नाही, गोळी नाही, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. घरच्यांना विचारा, "शेवटचे अगदी ठीक कधी दिसले होते?" आणि ती वेळ लिहा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास याच वेळेपासून मोजतात.

उलट पेशंट पांढरा पडला, गार घाम आला, बीपी खूप खाली असेल तर जमिनीवर किंवा पलंगावर आडवं झोपवा, पाय उशांवर उंच करा, नाडी मोजा, मधुमेह असेल तर शुगर बघा. शुद्ध परत आली तरी लगेच उठवू नका. शुद्ध येत नसेल किंवा नाडी फार मंद असेल तर 108.

गाडी येईपर्यंत एका पिशवीत चालू गोळ्यांची पाकिटं, बीपीची वही, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचा कागद भरा. एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, न्या किंवा खाजगी हॉस्पिटलला, कॅज्युअल्टीतले डॉक्टर पहिले हेच विचारतात: बीपीची कुठली गोळी, किती पॉवरची, शेवटची किती वाजता दिली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते न विचारता सांगा.